क्रूस, गोंदण आणि जत्रेतली सुई

मागच्या पंधरवड्यात सकाळच्या गर्दीत एक वडील आणि मुलगा दवाखान्यात आले. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, सैन्यभरतीची तयारी करणारा. आजार काहीच नव्हता. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. परवा जत्रेत गोंदून घ्यायचंय." वडील लगेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, देऊ नका. आम्ही ख्रिस्ती माणसं. आमच्या शास्त्रात गोंदायला मनाई आहे. तुम्हीच सांगा याला चार शब्द."

विचारपूस केली तेव्हा कळले, की मुलाची आई गेल्या पावसाळ्यात वारली. त्याला मानेवर क्रूस आणि त्याखाली आईचे नाव हवे होते. हे सांगताना पोराचा आवाज बसला आणि वडील खिडकीबाहेर बघू लागले. थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "आजीच्या हातावर तर तुळस गोंदलेली आहे. ती रोज प्रार्थना करते, तिला कुणी काही म्हणत नाही."

वाचकहो, प्रश्न एका घरातला असला तरी त्यात सगळ्यांच्या कामाचे बरेच काही आहे. म्हणून आजचे सदर गोंदणावर.

गोंदण आपल्याला नवे नाही

माझ्या आईच्या कपाळावर हिरवट टिकली होती आणि मनगटावर तुळशीवृंदावन. लहानपणी परळीला महाशिवरात्रीच्या यात्रेत गोंदणाऱ्या बाया पाल ठोकून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. तीन-चार सुया एकत्र बांधायच्या, काजळीच्या काळ्या रंगात बुडवायच्या आणि टोचत जायचे. पोरी रडायच्या, आया हात धरून ठेवायच्या. सोनेनाणे इथेच राहते, गोंदण तेवढे वर सोबत येते, अशी बायकांची समजूत होती. मराठवाड्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांतल्या आज्यांच्या हातावरही असेच गोंदण दिसते. ते धर्माचे कमी आणि गावाच्या रीतीचे जास्त.

आता सुयांच्या जागी बॅटरीवर चालणारे यंत्र आले आणि गोंदणाला 'टॅटू' म्हणू लागले. शरीरात जे घडते ते मात्र तेच आहे.

रंग कायम का राहतो?

आपल्या कातडीचे मुख्य दोन थर. वरचा थर सतत झिजतो आणि साधारण महिन्याभरात नवा होतो. म्हणूनच मेंदी काही दिवसांत जाते. गोंदणाची सुई हा थर ओलांडून एक-दोन मिलिमीटर आत, खालच्या थरात जाते. तिथे रंगाचे कण पडले, की शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना शत्रू समजून गिळायला धावतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत. कण पोटात घेऊन त्या तिथेच बसून राहतात. एक पेशी मेली, की दुसरी तेच कण उचलते. आजीच्या हातावरची तुळस साठ वर्षे टिकते ती यामुळे. काही कण काखेतल्या गाठींपर्यंतही जातात.

आता याच खालच्या थरात रक्ताच्या बारीक नळ्या असतात. म्हणजे गोंदणारी सुई प्रत्येक टोच्याला रक्ताला भिडते. खरी गोम इथे आहे.

माझ्या हातून राहिलेला एक प्रश्न

काही वर्षांपूर्वी एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावर वासना नाही. त्याआधी पंधरा दिवस त्याने गळ्यात काविळीची माळ घातली होती. माळ लांबत गेली की कावीळ उतरते, असे त्याला सांगितलेले. मी पाण्याबद्दल विचारले, दारूबद्दल विचारले, औषध दिले आणि घरी पाठवले. पुढच्या खेपेला तपासताना दंडावर नवे कोरे गोंदण दिसले. तीन महिन्यांपूर्वी जत्रेत काढलेले. मग रक्त तपासले. हिपॅटायटिस 'बी' निघाली. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. ती बाधा त्या सुईतूनच आली हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दुसरे कारण सापडले नाही आणि दिवसांचा हिशेब जुळत होता. त्याची बायको तेव्हा गरोदर होती. तिची तपासणी निर्दोष आली, तिला लस दिली, आणि आम्ही सगळ्यांनीच सुटकेचा श्वास सोडला. हिपॅटायटिस 'बी' रक्ताप्रमाणेच शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जाते. तिला लागण झाली असती तर बाळालाही धोका होता.

हा विषाणू फार चिवट. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. लागण झाल्यावर कावीळ दिसायला एक ते सहा महिने लागतात, आणि पुष्कळांना ती दिसतही नाही. मोठ्या माणसांत बहुतेकांची बाधा आपोआप जाते, पण शंभरात पाचांपर्यंत लोकांच्या यकृतात ती कायमची घर करते. पुढे यकृत आकसणे, कर्करोग अशी दुखणी त्यातून उद्भवतात.

हिपॅटायटिस 'सी' हीदेखील अशाच सुईतून पसरू शकते. तिला लस नाही, मात्र साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात विषाणूजन्य काविळीची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांमार्फत मोफत आहेत. एच.आय.व्ही.चा धोका गोंदणातून फार कमी, पण शून्य म्हणता येत नाही.

आमच्या त्या मुलाला वाटत होते, की धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले म्हणजे झाले. ते इंजेक्शन फक्त धनुर्वाताला अडवते. वर सांगितलेल्या तिन्ही रोगांवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणखी एक गैरसमज. "सुई नवीन घ्यायला लावीन," असे मुलगा म्हणाला. सुई नवी, पण रंगाची वाटी? सकाळपासून वीस जणांच्या रक्तात भिजलेल्या सुया ज्या वाटीत बुडाल्या, त्याच वाटीत तुमची नवी सुई बुडाली, तर नवेपण कुठे राहिले? सुई फडक्याने पुसली, स्पिरिट लावले, मेणबत्तीवर धरली, याला निर्जंतुक करणे म्हणत नाहीत.

शास्त्र काय म्हणते?

वडिलांचा प्रश्न मात्र उरलाच. मी धर्माचा जाणकार नाही. ओळखीच्या एका पाळकांना विचारले आणि त्यांनी दाखवलेले उतारे वाचले.

मनाईचे वचन जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात, २८व्या ओवीत आहे. मेलेल्यांसाठी अंगावर जखमा करू नयेत आणि अंगावर खुणा गोंदू नयेत, असा त्याचा आशय. सभोवतालचे लोक मृताच्या शोकात अंग कापून घेत, तसे करू नका, असा त्याचा एक अर्थ लावतात. जे मनाई आजही लागू मानतात, त्यांचा भर या आज्ञेवर असतो. दुसरी बाजू अशी, की त्याच अध्यायात दाढीची टोके कापू नका, दोन जातींच्या धाग्यांचे वस्त्र घालू नका, असेही आहे, आणि ते आज ख्रिस्ती लोक पाळत नाहीत. मूळचे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचे ओझे लादू नये, असा निर्णय नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या १५व्या अध्यायात आहे. त्यामुळे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा विषय आहे, असे पुष्कळजण मानतात.

जगभर पाहिले तर रिवाजही दोन्ही तऱ्हेचे. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहानसा क्रूस गोंदतात, तीही लहान वयात. इथिओपियात खेड्यांतल्या बायकांच्या कपाळावर क्रूस दिसतो. जेरुसलेमला यात्रेला गेलेले लोक यात्रेची खूण म्हणून शतकानुशतके हातावर गोंदून येतात. तिथे रझूक नावाचे एक घराणे पिढ्यान् पिढ्या हेच काम करते. उलट, रोमन काळात गुलामांच्या आणि कैद्यांच्या चेहऱ्यावर खुणा टोचत. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कैद्यांच्या चेहऱ्यावर अशी खूण करण्यास मनाई केली.

म्हणजे निकाल माझ्यासारख्याने देण्याजोगा नाही. पण पाळकांनी आणखी एक उतारा दाखवला. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो, की आपले शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. माझ्यातला डॉक्टर तिथे थांबला. गोंदावे की नाही यावर मंडळीत दोन मते असू द्या, पण मंदिरात घाण सुई नेऊ नये यावर दोन मते होतील असे मला वाटत नाही. आणि हे देऊळ, मशीद, विहार, चर्च सगळीकडच्या माणसांना सारखेच लागू आहे.

गोंदायचेच असेल तर

१. आधी हिपॅटायटिस 'बी'ची लस घ्या. तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. ही लस बालकांच्या सरकारी लसीकरणात २००२-०३ मध्ये काही भागांत आली आणि २०११ पर्यंत सर्व राज्यांत पोचली. आजच्या पुष्कळ तरुणांना ती मिळालेली नाही. कार्ड पाहा.

२. सुई तुमच्यासमोर पाकिटातून फोडलेली, रंग तुमच्यापुरता वेगळ्या वाटीत काढलेला, हातमोजे नवे. यातले एकही नसेल तर उठून या.

३. मधुमेह आटोक्यात नसलेले, रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे, जखमेचा वण फुगून वाढणारे यांनी टाळावे. गरोदरपणी थांबावे. लाल रंगाची ॲलर्जी त्यातल्या त्यात जास्त दिसते.

४. जखम साबण-पाण्याने स्वच्छ ठेवा. हळद, राख, शेण लावू नका. भरेपर्यंत विहिरीत, तळ्यात पोहू नका. पू, ताप, वाढती लाली दिसली तर लगेच डॉक्टर गाठा.

५. जत्रेत आधीच गोंदून घेतले असेल तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. लवकरात लवकर डॉक्टरांना भेटून लस सुरू करा, आणि तीन व सहा महिन्यांनी रक्त तपासा. एच.आय.व्ही.ची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत आणि गुप्त होते.

६. गोंदल्यावर साधारण वर्षभर रक्तदान करता येत नाही. रक्तपेढीत खोटे सांगू नका.

७. मेंदीचा पर्याय चांगला, पण पाच मिनिटांत काळी होणारी मेंदी नको. तिच्यात केसांच्या कलपातले रसायन असू शकते आणि हातावर फोड येतात.

पुढे काय झाले

मुलाला मी शेवटी एक गोष्ट सांगितली, जी त्याला ठाऊक नव्हती. सैन्यभरतीत कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवरच चालते. आदिवासी जमातींच्या रूढीपुरती सवलत आहे. मानेवर गोंदण असेल तर उमेदवार बाद. त्याचा चेहरा उतरला. दोन वर्षांची पहाटेची धाव एका दुपारच्या गोंदणात वाया गेली असती.

वडिलांनाही मी एकच सांगितले, की पोरगा आज्ञा मोडायला निघालेला नाही, आई विसरू नये म्हणून धडपडतो आहे. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवशी मुलाने धनुर्वाताऐवजी काविळीच्या लसीचा पहिला डोस घेतला. तिसरा डोस होईपर्यंत सहा महिने जातील. तोवर भरतीचे काय ते कळेल, आणि वर्षश्राद्ध नसले तरी आईच्या स्मरणाची प्रार्थना घरात होईल. त्यानंतरही क्रूस हवासा वाटला, तर वडिलांशी आणि पाळकांशी बोलून ठरवू, असे तो म्हणाला. गोंदण पुसायला लेझरच्या अनेक खेपा आणि भरपूर पैसे लागतात, तरी पूर्ण जाईल याची खात्री नसते. निर्णय पुढे ढकलायला मात्र काहीच लागत नाही.

आपल्या घरातही कुणी जत्रेला निघाले असेल तर हे कात्रण त्याच्या हाती द्या.