आयरिश आडनांवांची व्युत्पत्ति

आडनांवावरून घराण्याचें मूळ शोधण्याची रीत संशोधकांच्या परिचयाची आहे. परंतु आडनांव पुराव्यादाखल घ्यावयाचें तर प्रथम त्याचा अस्सल पाठ निश्चित केला पाहिजे. आयर्लंडांतील आडनांवें या दृष्टीनें फार बोधप्रद असल्यामुळें त्यांचा विचार येथें करीत आहों.

आयरिश भाषेंत 'मॅक' म्हणजे पुत्र व 'ओ' म्हणजे नातू. संस्कृतज्ञांस यांत अपरिचित असें कांहीं नाहीं. गर्गाचा पुत्र तो गार्गि व नातवापासून पुढचा तो गार्ग्य, असा भेद करून पाणिनीनें नातवापासूनच्या संततीसच 'गोत्र' ही संज्ञा दिली आहे. आयर्लंडांतहि 'ओ'चा अर्थ कालांतरानें 'वंशज' एवढाच उरला. इ. स. १०१४ मध्यें क्लॉन्टार्फच्या लढाईंत पडलेला राजा ब्रायन बोरू याचे वंशज ते ओब्रायन.

पुष्कळ नांवें पूर्वजाच्या वृत्तीवरून पडलीं. 'ओ क्लेरी' म्हणजे धर्माधिकाऱ्याचा वंशज. हें नांव इ. स. ९१६ च्या नोंदींत आढळत असून, तें अत्यंत जुन्या आयरिश आडनांवांपैकीं आहे. याच कुळांतील मिहाल ओ क्लेरी यानें सहकाऱ्यांसह १६३२ ते १६३६ या काळांत जुन्या पोथ्या धुंडाळून आयर्लंडची प्रसिद्ध शकावली सिद्ध केली.

पुढें इंग्रजी अंमलांत या नांवांचे पाठ बिघडले. १४६५ च्या कायद्यानें डब्लिनच्या आसपासच्या प्रांतांतील आयरिश लोकांनीं एखादें गांव, रंग, कसब किंवा हुद्दा यांवरून इंग्रजी आडनांव घ्यावें असें ठरविलें. पुढील शतकांत अनेक घराण्यांचे 'ओ' व 'मॅक' गळाले, आणि कित्येक नांवांचीं भाषांतरें झालीं. लोहाराचा पुत्र 'मॅक गोवन' हा कॅव्हन प्रांतीं 'स्मिथ' झाला. येथें अर्थ तरी राहिला. परंतु 'मॅक अन टीर' याची गोष्ट पहा. यांतील मूळ शब्द 'सीर'. संधींत त्याचा सकार लोपला. त्याचे अर्थ दोन, कारागीर व मुक्त. येथें सुताराचा पुत्र अभिप्रेत असतां कोणीं 'मुक्त' हा अर्थ घेऊन 'फ्रीमन' असें भाषांतर केलें! 'मॅक कन्री' हें व्यक्तिनामावरून आलेलें. त्याच्या अंतीं आपल्या 'राजन्' शब्दाचा सगोत्र 'री' आहे असें समजून त्याचें 'किंग' करण्यांत आलें. भाटाचा पुत्र 'मॅक अन वार्ड' याचें नुसतें 'वॉर्ड' उरलें, व तें पहारेकरी या अर्थाच्या इंग्रजी आडनांवाशीं एकरूप झालें.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. १९२२ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस यादवी युद्धांत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीचे बहुतेक कागद त्यांत नष्ट झाले. जेथें कागदच उरले नाहींत तेथें आडनांव हाच पुष्कळदां पहिला दुवा. तो चुकीचा वाचल्यास सुताराचें कुळ दास्यमुक्तांचें ठरतें व नसलेलें राजकुळ निर्माण होतें.

यास्तव अशा नांवाचा अर्थ त्याच्या इंग्रजी रूपावरून लावूं नये. घराण्याचा प्रांत पहावा, त्या प्रांतांतील जुनीं रूपें मिळवावीं, व मगच मूळ आयरिश शब्दाकडे जावें. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस आमची एवढीच विनंति कीं, नक्कल करितांना विचित्र दिसणारें नांव 'शुद्ध' करूं नये. आपला तर्क समासांत लिहावा. आज अशुद्ध वाटणारें अक्षरच उद्यां प्रमाण ठरण्याचा संभव असतो.