कुठला कावळा?

आमची खोताची वाडी म्हणजे गिरगावातलं एकदम फोटोजेनिक प्रकरण! लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने आणि चिंचोळी गल्ली. घरं इतकी खेटून, की समोर आज बोंबील तळतायत हे वासावरूनच कळतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं इन्क्रीमेंट अडलं, सगळ्यांना सगळं ठाऊक. फक्त एका विषयावर आवाज खाली येतो. मुलीला पाळी आली की अजूनही एखादी आजी म्हणते, ‘तिला कावळा शिवला.’ पोरांनी विचारावं, “कुठला कावळा?” तर उत्तर ठरलेलं... “तू खेळायला जा!”

गंमत म्हणजे या विषयांवर मराठीत मोठ्याने बोलणारा माणूस इथून चालत जाण्याच्या अंतरावर शिकवायचा. र. धों. कर्वे, चौपाटीजवळच्या विल्सन कॉलेजातले गणिताचे प्रोफेसर. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं क्लिनिक उघडलं तेही त्याच वर्षी! या प्रचारापायी त्यांची नोकरी गेली. तरी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. वाचक प्रश्न विचारायचे, कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. केस हरले, दंड झाला, पण उत्तरं थांबली नाहीत.

पुढे आपण काय केलं? २००७ मध्ये राज्य सरकारने शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला चक्क मनाई केली. २०१३ च्या ‘बालक-पालक’मधली चाळीतली पोरं आठवतात? ‘शेण खाल्लं’ म्हणजे काय, हे घरात कुणी सांगेना, म्हणून ती थेट व्हिडिओ कॅसेटपर्यंत पोचली. आता तर ती कॅसेट पोरांच्या हातातल्या फोनमध्येच आहे.

मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलांमध्ये ९ ते १४. म्हणजे हे चौथीच्या आसपासच कळायला हवं. नाहीतर पहिलं रक्त दिसल्यावर मुलगी समजते, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ मध्ये पोक्सो कायदा आला खरा, पण ‘मला इथे हात लावला’ हे सांगायला आधी ‘इथे’चं नाव तर माहीत हवं!

“आमचं अजून लग्नसुद्धा नाही, आमचा काय संबंध?” आहे ना बॉस! तुम्ही कुणाचे तरी काका, मामा, मावशी, आत्या आहात. आई-बाबांना विचारायची लाज वाटते ते तुम्हालाच विचारलं जातं. माझ्या चौथीतल्या भाचीने विचारलं, “मावशी, पॅड कशाला?” मी म्हटलं, “मोठं झालं की पोटातल्या गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला बाहेर येतं, थोडं रक्त जातं. जखम नसते ती.” “दुखतं?” “कधीकधी.” “बरं,” म्हणून ती पुन्हा कॅरमकडे वळली. एक मिनिट लागलं.

तर फंडा सोपा आहे:

• विचारलं तेवढंच सांगा. लेक्चर नको.

• योनी, शिश्न, पाळी... खरी नावं वापरा. नाक-कानाला नाही का नावं?

• मुलग्यांनाही पाळीबद्दल सांगा. झोपेत वीर्य जाण्याला लोक ‘स्वप्नदोष’ म्हणतात, पण त्यात दोष काहीच नाही, हेही सांगा.

• माहीत नसेल तर “शोधून सांगते” म्हणा. आणि खरंच सांगा!

पोरं फोनला विचारण्याआधी तुमच्याकडे आली, तर तो तुमचा मान आहे. एकदा ‘खेळायला जा’ म्हणालात, तर पुन्हा मिळेलच असं नाही.