छत्री चांगली आहे, मग चित्र का जातं?

आज आपण घरावरच्या टीव्हीच्या छत्रीबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात छत्री कुठून आली, असं वाटेल. पण आमच्या गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी दोन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "छत्री खराब झाली, नवी घ्यायला सांगितलंय." ताई जालना एमआयडीसीजवळ पत्र्याच्या खोलीत राहतात. मालक रोलिंग मिलमध्ये शिफ्टला जातात आणि मुलगी टीव्हीवरचे शाळेचे तास बघते. आम्ही दोघी-तिघी बघायला गेलो. छत्री ठणठणीत होती. बिघडला होता तिच्यासमोरच्या दांडीवरचा मुठीएवढा डबा. तो तीनशेच्या आत मिळाला आणि कर्जाचा अर्ज ताईंनी स्वतःच मागे घेतला. म्हणून हा डबा ओळखायला शिकू या.

त्याचं नाव एलएनबी. दुकानात कुणी एलएमबीही म्हणतं. आपल्या डोक्यावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर उपग्रह आहे. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशची सेवा जीसॅट-15 या उपग्रहावरून येते. तो नोव्हेंबर 2015 मध्ये सोडला. तिथून येणारी लहर आपल्यापर्यंत पोचेस्तोवर फार क्षीण होते. छत्रीचं काम एवढंच, की ती लहर गोळा करून एका ठिकाणी टाकायची, सुपातलं धान्य एका कोपऱ्यात गोळा करावं तशी. त्या ठिकाणी एलएनबी असतो. तो लहर मोठी करतो आणि केबलमधून जाईल अशी खालच्या पट्टीत आणून घरातल्या बॉक्सला देतो. छत्री म्हणजे नुसता पत्रा. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. ती वाकली किंवा हलली तरच अडचण. एलएनबीत मात्र नाजूक सर्किट असतं आणि ते बारा महिने ऊन-पावसात टांगलेलं असतं.

आता दोष कसा ओळखायचा? घाईने माणूस बोलवू नका. जोराच्या पावसात चित्र गेलं तर थांबा, आभाळ उघडलं की येतं. मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास थोडी मिनिटं चित्र जातं, कारण सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तोही बिघाड नव्हे. एरवी बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या बघा. एक स्ट्रेंथ, दुसरी क्वालिटी. स्ट्रेंथ आहे पण क्वालिटी शून्य, तर बहुधा छत्रीची दिशा हलली आहे. दोन्ही शून्य, तर आधी केबल आणि तिच्या टोकाच्या पिना तपासा. आपल्याकडे मिलची लोखंडी धूळ, त्यात पावसाचं पाणी, म्हणून पिना लवकर गंजतात. पिना स्वच्छ करूनही काही नाही, तर शेजारणीचा बॉक्स घटकाभर आणून जोडा. तरीही नाही, मग एलएनबीवर संशय घ्या. काही चॅनेल दिसतात आणि काही अजिबात नाहीत, हेही एलएनबी बिघडल्याचं लक्षण असू शकतं. मात्र आधी बॉक्समध्ये चॅनेल पुन्हा शोधायला लावून बघा, कारण चॅनेलच्या जागा अधूनमधून बदलतात.

विकत घेताना चार गोष्टी विचारा. पहिली: "केयू बँडचा युनिव्हर्सल आहे का?" त्यावर 9750 आणि 10600 हे आकडे छापलेले असतात. मोठ्या जाळीच्या छत्रीचा सी बँडचा एलएनबी आपल्या लहान छत्रीला चालत नाही. दुसरी: जुना डबा सोबत न्या आणि दांडीवरच्या कड्यात नव्याची मान बसते का ते बघा. तिसरी: तोंडावरचं झाकण घट्ट हवं आणि पिनेवर रबरी टोपी हवी. 0.1 डीबी असा आकडा लहान तितका चांगला, पण तो बहुतेकांवर सारखाच छापलेला असतो, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. पावती मात्र मागा. चौथी: टीव्ही किती? जावा-जावांची घरं एकाच भिंतीला असतील तर दोन तोंडांचा एलएनबी घ्या. एकाच छत्रीवर दोन बॉक्स चालतात आणि दोघी आपापले चॅनेल बघू शकतात. एकाच तोंडाला साधा जोड लावून दोन बॉक्स चालवले, तर एकीने चॅनेल बदलला की दुसरीचा अडखळू शकतो.

बसवताना आधी बॉक्सचा प्लग काढा. बॉक्स केबलमधूनच एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट वीज देतो. ती शॉक लागण्याइतकी नाही, पण पिनेच्या आत जाळीची एक तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकली तरी शॉर्ट होऊन बॉक्स बिघडू शकतो. केबल खाली लोंबती ठेवून पिनेवर टोपी किंवा टेप लावा. पाणी केबलवरून खाली ओघळावं, पिनेत शिरू नये.

दिशा सोपी आहे. दक्षिणेकडे तोंड करा, डावा हात पूर्वेला. दोहोंच्या मधोमध, म्हणजे आग्नेयेला, जालन्यातून जीसॅट-15 आहे. उंची साधारण 59 अंश, म्हणजे जमिनीपासून माथ्यापर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांश वर. तिथे कडुलिंबाची फांदी आड येऊ नये. आपली लहान छत्री दिसायला उभी वाटते, तिची नजर मात्र दिसते त्यापेक्षा बरीच वर असते, म्हणून ती आभाळाकडे पालथी करू नका. एकीने छत्री बोटभर हलवून थांबायचं, दुसरीने आतून क्वालिटीचा आकडा ओरडून सांगायचा. आकडा आला की एलएनबी त्याच्या कड्यात थोडा इकडे-तिकडे फिरवा. आपल्या भागात तो सुमारे 40 अंश तिरका बसतो. आकडा सर्वांत जास्त होईल तिथे नट आवळा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. पत्रा ओला असताना, वारा-विजा असताना किंवा विजेची तार जवळून जात असेल तर वर चढू नका. तिथे माहितगार माणूसच बोलवा. आभाळ गडगडायला लागलं की बॉक्सचा प्लग आणि केबल काढून ठेवा.

आणि डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे लागत नाहीत. छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा. त्यावर सह्याद्री आहे, आकाशवाणी आहे, पीएम ई-विद्याचे पहिली ते बारावीचे चॅनेल आहेत. दरमहा कुणी पैसे मागितले तर कशाचे, ते विचारा.

त्या ताईंची मुलगी आता स्वतःच बॉक्सवरचा आकडा वाचते. पुढच्या बैठकीत आम्ही जुना एलएनबी खोलून सगळ्यांना दाखवणार आहोत. तुमच्या गटातही एखादा पडून असेल तर फेकू नका, शिकायला ठेवा. भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.