जागल्या कुठे गेला?

हत्ती केवढा थोरला प्राणी! आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी आणि आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं. म्हणजे एखादी पेशी बिघडायची भीतीही जास्त. तरी हत्तीला कॅन्सर क्वचितच होतो. २०१५ साली शास्त्रज्ञांना त्याचं एक कारण गवसलं. पेशीत पी५३ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बाबांकडची. हत्तीकडे चाळीसच्या आसपास! (त्यातल्या पुष्कळशा अर्ध्यामुर्ध्या आहेत म्हणा.)

हे पी५३ म्हणजे गावचा जागल्या. पण गंमत ऐक. पेशी हा जागल्या सतत घडवते आणि वीसेक मिनिटांत मोडूनही टाकते. डीएनए तुटला की मोडणं थांबतं, जागले भराभर वाढतात आणि पेशीला अडवतात: आधी दुरुस्ती, मगच विभाजन. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर पेशीला मरायचा हुकूम सुटतो. १९७९ साली हे प्रथिन सापडलं आणि पुढची दहा वर्षं शहाण्यासुरत्या शास्त्रज्ञांनी या जागल्यालाच चोर ठरवलं होतं!

कॅन्सरमध्ये हा जागल्या सगळीकडे सारखाच गायब होत नाही. स्तनाचा कॅन्सर आपण एकाच नावाने ओळखतो, पण ती एक व्याधी नव्हे. हार्मोनवर पोसणारी, त्यातल्या त्यात सौम्य जात घे. तिच्यात पी५३चं जनुक साधारण आठांतल्या एकीतच बिघडलेलं सापडतं. ‘बेसल’ म्हणतात त्या आडदांड जातीत मात्र पाचांतल्या चौघींत. ही जात बहुधा ट्रिपल निगेटिव्ह असते, म्हणजे हार्मोनचे दोन्ही ग्राहक नाहीत आणि हर-२ हे प्रथिनही वाढलेलं नाही. नेहमीच्या नेमक्या औषधांना पकडायला जागाच नाही.

तिसऱ्या एका जातीत ई-कॅडहेरिन हरवतं. हे प्रथिन पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. ते गेलं की पेशी सुटतात आणि एकामागे एक रांगेने शिरत जातात. त्यामुळे हाताला ठळक गाठ लागतेच असं नाही, मॅमोग्राफीतही ती जात हुलकावणी देते. मला ही जात सर्वांत लबाड वाटते.

आणि बीआरसीए१. तुटलेला डीएनए सांधणारं प्रथिन. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली त्याच्या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली, १९९४ साली जनुक हाती आलं. त्याची एक प्रत जन्मतःच सदोष असली आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरीही गेली, तर होणारा कॅन्सर बहुतेकदा ट्रिपल निगेटिव्ह असतो. भावंड बीआरसीए२ बिघडलं तर मात्र बहुधा हार्मोनवर पोसणारा! पण याच उणिवेवर डॉक्टरांनी डाव टाकला. ओलापारिब हे औषध दुरुस्तीची दुसरी वाट अडवतं. बीआरसीए शाबूत असलेली पेशी तगते, नसलेली मरते.

म्हणून सांगतो, घरात दोघीतिघींना हा आजार झाला असेल, तर जनुकतपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. तेव्हा आई-मावशीबरोबर आत्या आणि बाबांकडची आजीही सांगा. हा दोष बापाकडूनही येतो.