ऊस तुटला, उंदीर घरात आला



हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी खात्याकडे तोडीची तारीख, वाहन, वजन अशा तक्रारी येतात. एक तक्रार मात्र अर्जावर कोणी लिहीत नाही, ती बांधावरच सांगतात : "साहेब, फड तुटला आणि घरात उंदीर फार झाले." यावर उपाय आहे, पण तो तोडीच्या आधी करायचा असतो.

ऊस वर्षभर उभा असतो. आत गारवा, खाली पाचट, बांधात बिळे आणि खायला गोड कांडी. उंदरांना आणि घुशींना याहून चांगली जागा नाही. तोड झाली की दोन दिवसांत हा आसरा जातो. वरून थंडी पडलेली असते. त्याच सुमारास आपल्या घरात नवी ज्वारी, बाजरी, मका येऊन पडते. मग ते फड सोडून खळ्यात, गोठ्यात आणि तिथून घरात येतात.

मोठा उंदीर दिवसाला साधारण २० ते २५ ग्रॅम धान्य खातो. घरात दहा उंदीर धरले तर महिन्याला ६ ते साडेसात किलो, म्हणजे हंगामाच्या चार महिन्यांत २४ ते ३० किलो. खातो त्यापेक्षा जास्त तो लेंड्या आणि मुताने नासवतो, ते वेगळेच. उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिल्ले सहज होतात. म्हणून डिसेंबरात दोन दिसले तर फेब्रुवारीपर्यंत थांबू नये.

बंद घर आणि आत धान्य, हे उंदरांचे माहेर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावी लोक भीतीने घराबाहेर राहू लागले. धान्य घरातच पडून राहिले, उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये त्या गावात गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. पुढच्याच महिन्यात आपल्या शेजारच्या सुरतेत प्लेगची साथ उठली आणि लोक शहर सोडून पळाले, हे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले आहे. आज घाबरण्याचे कारण नाही, पण बंद घरातले धान्य हलके समजू नये.

हे आठवले काठीला. तोडणी टोळीच्या कामासाठी अक्कलकुवा तालुक्यातील या गावी गेलो होतो. तिथली कितीतरी माणसे दिवाळीनंतर घराला कडी लावून तोडीला खाली उतरतात. एका घरच्या आजीने आपली कणगी दाखवली. शेणामातीने लिंपलेली, दगडांवर उचललेली, भिंतीपासून सुटी. मी विचारले, "आजी, सुटी कशाला?" त्या म्हणाल्या, "भिंतीला टेकली तर उंदराला जिना होतो ना साहेब." पदविकेला आम्हाला जे एका तासात शिकवले, ते आजींनी एका वाक्यात सांगितले.

आता करायचे काय?

१) पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. भोके सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून बुजवावीत. नुसती माती तो पुन्हा उकरतो.

२) दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारावी, मोरीला बारीक जाळी बसवावी. उंदराचे दात जन्मभर वाढतात, म्हणून लाकूड तो कुरतडतोच, पत्र्यापुढे थांबतो.

३) धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे. पोती असतील तर फळीवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून रचावीत.

४) पाचट, लाकडे, वाढ्यांचे ढीग घराला लागून ठेवू नयेत. पाचट जाळूही नये. त्याची जागा खोडव्याच्या सरीत.

५) घरात पिंजरा लावावा. पहिले दोन दिवस दार बांधून, भाकरीचा तेलाचा तुकडा ठेवून उंदराला सवय लावावी. तिसऱ्या दिवशी दार सोडावे.

विषाबद्दल माझीच चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या गोठ्यात टाकल्या. सकाळी चार कोंबड्या मेलेल्या आणि उंदीर जसेच्या तसे. त्या ठिकाणी लहान मूल असते तर? या विषावर उतारा नाही. म्हणून ते घरात, गोठ्यात कधीही वापरू नये. शेतात वापरायचे तरी आधी गट कार्यालयात विचारावे. घरासाठी ब्रोमाडिओलोनची तयार वडी, तीही मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही अशा बंद खोक्यात. चुकून कोणी विष खाल्ले तर घरगुती उपाय करीत बसू नये, पाकीट घेऊन थेट दवाखाना गाठावा.

शेवटची गोष्ट सापाची. उंदराच्या मागे साप येतो. थंडीत तो कमी फिरतो, पण फड तुटला की त्याचाही आसरा जातो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे. दंश झाला तर मांत्रिक नको, घट्ट आवळपट्टी नको. सरकारी दवाखान्यात प्रतिविष मिळते.

आपले घर तरी पक्के असते. तोडणी टोळी मात्र आपल्याच शेताच्या कडेला कोपीत, पोराबाळांसह जमिनीवर झोपते. फडाचा शेवटचा पट्टा राहतो तेव्हा सारे उंदीर आणि साप त्यातच गोळा झालेले असतात. त्या दिवशी मजुरांना आधी सांगावे, मुलांना पट्ट्यापासून लांब ठेवावे. कोपीसाठी उंच, मोकळी जागा आणि धान्यासाठी झाकणाचा एक डबा द्यावा. फार खर्चाचे काम नाही.

होळीला ही माणसे काठीची वाट धरतील. ती सगळी धडधाकट परत जावीत, एवढे तर आपल्या हातात आहे. तेव्हा तोडीची चिठ्ठी येण्याची वाट न पाहता एक दुपार काढा आणि घराभोवती एक फेरी मारा.

आपला,
ऊस विकास अधिकारी