बायबलचे वाचन आणि नित्याचे जीवन : निर्मळ परिसराच्या संदर्भात

वसई तालुक्यातील निर्मळ कार्तिकातील यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील होली क्रॉस चर्चमुळे ते कॅथलिक समाजाचेही श्रद्धास्थान आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) या समाजाची मिस्सा लॅटिनमध्ये होई. पुढे ती मराठीत आली. शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने (२०१०) घरगुती वाचनाची वाट अधिक सुगम केली.

येशूचे दृष्टान्त पेरणी, पिठातले खमीर, हरवलेले मेंढरू अशा साध्या गोष्टींतून देवाच्या राज्याचा अर्थ सुचवितात. शेती-बागायतीवर जगलेल्या वाचकाला त्यांतील पेरणी आणि प्रतीक्षा अनुभवातून उमगते. वाडीतले शिंपणेही त्याला ईश्वरी सान्निध्याचे स्थळ वाटू शकते.

तथापि ग्रंथाची भाषा प्रमाण मराठी, तर येथील अनेक घरांतली बोली कादोडी. दृष्टान्त बोलीत पुन्हा सांगितला गेला, की तो दैनंदिन व्यवहाराशी जोडला जातो. नागरीकरणाने वाड्या आक्रसत असताना या प्रतिमांचा अनुभवाधारच क्षीण होत आहे. म्हणून येथील बायबल-वाचनाचा विचार बोली आणि लोकजीवन यांना वगळून करता येणार नाही.