दहा मीटरांच्या पुढे

दिघीहून बालेवाडीच्या नेमबाजी केंद्रात जाणारी मुले विचारतात : १० मीटरांवर बरोबर लागणारा छर्रा ५० मीटरांवर का चुकतो? छर्रा हलका, हवेत त्याचा वेग लवकर मंदावतो. अंतर पाचपट झाले, की तो पंचवीसपटींहून अधिक खाली उतरतो आणि वाऱ्याने सरकतोही. शिवाय साध्या बंदुकीतली स्प्रिंग छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच हिसका देते. दाबलेल्या हवेच्या बंदुकीत हा हिसका फारसा नसतो. म्हणून पहिली पायरी ती. ५० मीटरांच्या स्पर्धेला .२२ रायफल लागते. तिला परवाना हवा. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावर कांस्यपदक मिळवले. तेव्हा गुरुजी, १० मीटरांवर मुलाची छिद्रे एका जागी पडू लागली, की मगच पालकांना खर्चात घाला.